गादी फुटलेला डॅशहंड: ऑपरेशन की पिंजरा, हे ठरतं कशावर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच वर्षांचा, नऊ किलोचा डॅशहंड. परवा संध्याकाळी दिवाणावरून उडी मारली, रात्रभर कण्हत होता. काल सकाळी मागचे पाय लटपटायला लागले, आज तो उभाच राहत नाही. जवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून 'मणक्याची गादी सरकली आहे' असं सांगितलं, एक स्टेरॉइडचं आणि एक बी-१२चं इंजेक्शन दिलं आणि पंधरा दिवस विश्रांती द्यायला सांगितली. अंथरुण ओलं होतं आहे. ऑपरेशन लागेल का, की विश्रांतीने उठेल?

एक्स-रे बाजूला ठेवा, त्यावर हे ठरत नाही. ठरतं ते दोन गोष्टींवर: मागच्या पायाच्या बोटाचं हाड दाबल्यावर कुत्र्याला ते कळतं का, आणि गेल्या चोवीस तासांत तो सुधारतोय की घसरतोय. तुमचा कुत्रा काल चालत होता आणि आज उभा राहत नाही, म्हणजे घसरतोय. अशा कुत्र्याला 'पंधरा दिवस बघू' हा सल्ला लागू होत नाही. मणक्याचं ऑपरेशन जिथे होतं अशा ठिकाणी त्याला आजच तपासून घ्या. तपासल्यावर कदाचित ऑपरेशन नको असंही ठरेल, पण ते तपासून ठरावं, वाट पाहून नव्हे.

नेताना उचलायची पद्धत महत्त्वाची. एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली, पाठ जमिनीला समांतर. काखेत हात घालून उचलू नका, मागचा भाग लोंबकळतो. गाडीत मांडीवर घेण्यापेक्षा प्लायवूडचा तुकडा किंवा मोठा चपटा ट्रे घ्या, त्यावर जाड टॉवेल अंथरा आणि कुत्रा घसरणार नाही असा दुसऱ्या टॉवेलने सैल बांधा. दुखणारा कुत्रा घरच्या माणसालाही चावतो, म्हणून तोंडाजवळ चेहरा नेऊ नका.

आता त्या 'सरकली' शब्दाबद्दल. मराठीत गादी सरकते, आणि सरकलेली वस्तू जागेवर बसवता येते असं ऐकणाऱ्याला सहज वाटतं. मग कोणी मालिश सुचवतं, कोणी हाडवैद्याकडे न्यायला सांगतं. प्रत्यक्षात काहीच सरकलेलं नसतं. दोन मणक्यांमधल्या गादीला बाहेरून तंतूंचं कडं असतं आणि आत जेलीसारखा गाभा. डॅशहंड, बीगल, पग, फ्रेंच बुलडॉग, शिहत्झू, ल्हासा, पेकिनीज, कॉकर अशा जातींत हा गाभा पहिल्या वर्षातच वाळायला लागतो, पुढे त्यात चुना साचतो. वाळलेला गाभा दाब पसरवू शकत नाही, सगळा ताण कड्यावर येतो. कड्याची वरची, म्हणजे मज्जारज्जूकडची बाजू मुळातच पातळ असते. एके दिवशी ती फाटते आणि आतला चुरा जोरात वर उडून मज्जारज्जूवर आदळतो. टूथपेस्टची ट्यूब मागून फुटावी तसं. बाहेर आलेला चुरा मालिश करून आत जात नाही. उलट पाठ दाबली, वाकवली, तर उरलेला गाभाही बाहेर येतो. उडी हे फक्त निमित्त. तयारी तीन-चार वर्षं आत चालू होती, ती उडी मारली नसती तर पुढच्या महिन्यात जिना चढताना हेच झालं असतं. तेव्हा दिवाणावर का चढू दिलं म्हणून घरात भांडू नका.

हा फरक स्वीडनमधले पशुवैद्य हान्स-यर्गन हान्सेन यांनी १९५०च्या सुमारास शवविच्छेदनांतून मांडला. आखूड पायांच्या जातींत गाभा वाळून फुटतो, हा पहिला प्रकार. जर्मन शेफर्ड, लॅब्राडॉर अशा मोठ्या, वयस्कर कुत्र्यांत कडं जाड होऊन हळूहळू आत फुगतं, हा दुसरा. आजही हीच वर्गवारी वापरतात. पहिला प्रकार तासांत बिघडतो, दुसरा महिन्यांत.

फुटतं कुठे, हेही ठरल्यासारखं असतं. कुत्र्याला छातीचे १३ आणि कमरेचे ७ मणके असतात. छातीच्या वरच्या भागात डाव्या-उजव्या बरगड्यांची डोकी जोडणारा एक बंध गादीच्या वरून जातो, तिथे गादी क्वचितच फुटते. तो बंध संपला की, शेवटच्या बरगड्या आणि कमरेची सुरुवात इथे, छाती ११ ते कमर ३ या पट्ट्यात, बहुतेक प्रकरणं घडतात. म्हणून पुढचे पाय धडधाकट आणि मागचे गेलेले असं चित्र दिसतं. मानेतली गादी फुटली तर चित्र वेगळं: मान खाली धरलेली, वळवताना किंकाळी, कधी एक पुढचा पाय वर धरलेला. तिचं ऑपरेशन गळ्याच्या बाजूने होतं. इथे तो विषय नाही.

कुत्रा कोणत्या पायरीवर आहे ते आता पाहू. पहिली पायरी: नुसतं दुखणं, पाठ वाकलेली, पोट दगडासारखं घट्ट, चाल ठीक. इथे पोट कडक लागल्यामुळे पोटदुखीचे उपचार सुरू होतात, ही नेहमीची चूक. दुसरी: चालतो पण झोकांड्या खात, पंजा उलटा पडतो. तिसरी: आधाराशिवाय उभा राहत नाही, पण पाय स्वतःहून थोडे हलवतो. चौथी: पाय अजिबात हलत नाहीत, पण बोटाचं हाड दाबलं तर कळतं. पाचवी: तेही कळत नाही. वर्णनावरून तुमचा कुत्रा तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीवर वाटतो. पाचवीवर नाही ना, हे आज नक्की व्हायला हवं.

खोल वेदनेची ही चाचणी सोपी दिसते आणि सगळ्यात जास्त चुकते. कुत्रा कुशीवर, खोली शांत, एका माणसाचं लक्ष फक्त त्याच्या चेहऱ्याकडे. आधी बोटांमधली त्वचा चिमटतात. प्रतिसाद नसेल तर आर्टरी फोर्सेप्समध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेच्या चिमट्यात, बोटाचं हाड धरून दाब हळूहळू वाढवतात, दोन्ही पायांच्या आतल्या आणि बाहेरच्या बोटांवर, मग शेपटीवर. कुत्र्याने मान वळवली, ओरडला, चावायला आला, धापा टाकायचा थांबला, बुबुळं मोठी झाली, तर वेदना मेंदूपर्यंत पोहोचली. नुसता पाय आखडून घेतला तर ते मोजायचं नाही. पाय आखडणं ही मज्जारज्जूच्या खालच्या भागातली स्थानिक क्रिया आहे. मेंदूशी संबंध पूर्ण तुटलेला असतानाही पाय झटक्यात मागे जातो, आणि 'बघा, पाय ओढतो, जाणीव आहे' म्हणून मौल्यवान तास वाया जातात. उलटी चूकही होते: गुंगीचं औषध दिलेला किंवा घाबरून थिजलेला कुत्रा प्रतिसाद देत नाही आणि त्याला पाचव्या पायरीवर टाकलं जातं.

घरी पक्कड घेऊन हा प्रयोग करू नका, बोटं ठेचतात. नखाने बोटांमधली त्वचा चिमटली आणि त्याने वळून पाहिलं तर एवढं पुरे. शेपटीकडेही बघा. तुम्ही नावाने हाक मारल्यावर शेपटी हलली तर निरोप वरून खाली जातोय, ही चांगली खूण. ढुंगण पुसताना हलली तर ती पुन्हा स्थानिक क्रिया, तिचा आनंद मानू नका.

गादीसारखं दिसणारं पण गादी नसलेलं बरंच काही असतं, ते डॉक्टरांनी वगळायला हवं. खेळता खेळता एकदम पाय गेले, पहिल्या काही मिनिटांनंतर दुखणं नाही आणि एक बाजू जास्त लुळी, तर मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत गादीचा कण अडकलेला असू शकतो. तिथे ऑपरेशनचा उपयोग नाही. मागचे पंजे थंडगार, मांडीच्या आतली नाडी लागत नाही, तर ती महाधमनीतली गुठळी. मोठ्या जातीचं सहा-आठ महिन्यांचं पिल्लू जिना टाळतंय, सशासारखं दोन्ही पाय जोडून उड्या मारतंय, तर खुबे तपासा. लसीकरण नीट न झालेल्या कुत्र्यात पाय लटपटताना स्नायू तालात उडत असतील तर डिस्टेंपर. ताप, पाठदुखी आणि प्रजननाचा इतिहास असेल तर मणक्यातला जंतुसंसर्ग, त्यात ब्रुसेलाची तपासणी करा, हा जंतू माणसालाही लागतो. आणि नऊ-दहा वर्षांच्या जर्मन शेफर्डचे पाय न दुखता महिनोन् महिने कमजोर होत असतील तर एसओडी१ जनुकाशी जोडलेला मज्जारज्जूचा ऱ्हास मनात आणावा. हे जनुकीय नातं २००९मध्ये उघड झालं.

आता ऑपरेशन की विश्रांती. अमेरिकेतल्या व्हेटर्नरी इंटर्नल मेडिसिन कॉलेजने २०२२मध्ये आजवरच्या अभ्यासांवरून सहमतीपत्र काढलं. त्यातलं चित्र ढोबळपणे असं: पहिल्या तीन पायऱ्यांवर नुसत्या बंदोबस्तातल्या विश्रांतीने शंभरात ऐंशीच्या आसपास कुत्री सावरतात, ऑपरेशनने नव्वदीच्या पुढे. चौथ्या पायरीवर विश्रांतीचा आकडा साठपर्यंत उतरतो, ऑपरेशनचा नव्वदीतच राहतो. पाचव्या पायरीवर विश्रांतीने वीसच्या आसपास, ऑपरेशनने साठच्या आसपास. म्हणजे चालणाऱ्या कुत्र्याच्या मालकाने ऑपरेशन परवडत नाही म्हणून रडायचं कारण नाही, त्याच्याकडे चांगला पर्याय आहे. चौथ्या पायरीपासून मात्र फरक एवढा मोठा होतो की पैसे आणि सोय असेल तर रेंगाळू नये. तिसऱ्या पायरीवर मी घसरणीचा वेग पाहून ठरवतो: दोन दिवस तिथेच स्थिर असेल तर थांबता येतं, तासागणिक खाली जात असेल तर थांबत नाही. खोल वेदनेची जाणीव गेल्यावर '४८ तासांनंतर ऑपरेशन व्यर्थ' असं सांगितलं जातं. एवढी काटेकोर सीमारेषा अभ्यासांत सापडलेली नाही. लवकर केलेलं बरं, पण तिसऱ्या दिवशी कळलं म्हणून दार बंद झालं असं नाही.

इंजेक्शनांबद्दल. बी-१२ने अपाय नाही, फुटलेल्या गादीवर उपायही नाही. स्टेरॉइडचा प्रश्न जास्त गंभीर. मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा मोठा डोस देऊन मज्जारज्जू वाचतो का, याची रीतसर चाचणी खोल वेदना गेलेल्या कुत्र्यांवर झाली, खोटं औषध दिलेल्या गटाशी तुलना करून. २०१६मध्ये निकाल आला: फायदा नाही. डेक्सामेथासोन हे दुसरं स्टेरॉइड दिलेल्या कुत्र्यांत मूत्रसंसर्ग आणि जुलाब जास्त आढळले, आणि मज्जारज्जूच्या आजारात डेक्सामेथासोनवर असलेल्या कुत्र्यांची आतडी फुटून मृत्यू झाल्याच्या जुन्या नोंदी आहेत. म्हणून ताज्या फुटीत स्टेरॉइड सवयीने देऊ नये, असाच आजचा कल आहे.

दिलंच आहे, तर आता पुढचा धोका टाळा: स्टेरॉइडवर लगेच मेलॉक्सिकॅम किंवा कार्प्रोफेनसारखं सूज उतरवणारं वेदनाशामक नको. दोन्ही मिळून जठराला भोकं पाडतात. कोणतं इंजेक्शन होतं ते नावासकट लिहून घ्या. साधं डेक्सामेथासोन असेल तर साधारण आठवडाभराचं अंतर ठेवतात, ट्रायअ‍ॅमसिनोलोन किंवा मेथिलप्रेडनिसोलोन अ‍ॅसिटेटसारखं मुरणारं असेल तर कित्येक आठवडे. तोवर दुखण्यासाठी गॅबापेंटिन चालतं, किलोला १० मिग्रॅ, आठ तासांनी, म्हणजे तुमच्या कुत्र्याला १०० मिग्रॅची एक कॅप्सूल. मेडिकलमध्ये 'गॅबापेंटिन द्या' म्हटलं की बऱ्याचदा नॉरट्रिप्टिलिन किंवा मेथिलकोबालामिन घातलेली मिश्र गोळी हातात पडते. साधी मागा. पातळ औषधात झायलिटॉल नाही हे लेबलवर बघा, ते कुत्र्याला विष आहे.

स्टेरॉइड न घेतलेल्या कुत्र्याला मेलॉक्सिकॅम पहिल्या दिवशी किलोला ०.२ मिग्रॅ आणि पुढे रोज ०.१ मिग्रॅ, जेवणानंतर. नऊ किलोला ०.९ मिग्रॅ, कुत्र्यांसाठीच्या दर मिलीला १.५ मिग्रॅ असलेल्या द्रावणाचे ०.६ मिली. माणसांची सगळ्यात छोटी गोळी ७.५ मिग्रॅची असते, तिचे आठ तुकडे सारखे होत नाहीत, त्या वाटेला जाऊ नका. घरातलं डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन तर अजिबात नको, जठरात व्रण आणि मूत्रपिंडाला इजा होते. गिधाडांच्या मृत्यूमुळे २००६मध्ये जनावरांसाठी बंदी घातलेलं ते हेच डायक्लोफिनॅक.

एक्स-रेमध्ये मज्जारज्जू दिसत नाही. चुना भरलेल्या गाद्या दिसतात, एखादी फट अरुंद दिसते, पण चुना दिसणारी गादी फुटलेली असेलच असं नाही. ती तर जागेवर आहे म्हणून दिसते. फूट डावीकडे की उजवीकडे, हे एक्स-रे सांगू शकत नाही, आणि सर्जनला नेमकं तेच हवं असतं. एमआरआय सगळ्यात चांगला. आखूड पायांच्या जातींत चुरा चुनखडीचा असल्याने सीटीवरही तो छान दिसतो आणि सीटी काही मिनिटांत होतो. दोन्ही नसेल तिथे मायलोग्रॅम: भूल देऊन कमरेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधून आयोहेक्सॉल हे एक्स-रेवर उठून दिसणारं द्रव्य, किलोला ०.३ ते ०.४५ मिली, सावकाश सोडायचं आणि एक्स-रे घ्यायचे. भुलीतून उठताना झटके येऊ शकतात, म्हणून त्यानंतर डोकं उंच ठेवून लक्ष ठेवतात. तुमच्याकडे फक्त एक्स-रे असेल आणि कोणी त्यावर थेट ऑपरेशन करायला निघालं असेल तर थांबवा.

ऑपरेशनला हेमिलॅमिनेक्टमी म्हणतात. फुटीच्या बाजूचे स्नायू मणक्यापासून सोडवून सांध्याचा उंचवटा काढतात आणि बर ड्रिलने मणक्याच्या भिंतीत खिडकी पाडतात. हाडाचे थर रंगावरून कळतात: पांढरा, मग लाल जाळीदार, मग पुन्हा पांढरा. त्या शेवटच्या पांढऱ्याला ड्रिल सावकाश, सलाइनची धार सतत, कारण ड्रिलची उष्णता मज्जारज्जूला भाजते. मग ओल्या चुन्यासारखा किंवा फाटलेल्या दुधासारखा चुरा बारीक हुकाने, मज्जारज्जूला न ढकलता काढतात. खालची शीर फाटली तर खड्डा रक्ताने भरतो. तिथे घाईने सक्शन लावणं हीच चूक, जेलफोम, म्हणजे रक्त थांबवणारा स्पंज, ठेवून थांबावं लागतं. दुसरी चूक मोजण्याची. मणके शेवटच्या बरगडीवरून मोजतात आणि काही कुत्र्यांत तेरावी बरगडी अर्धवट असते किंवा नसतेच. एक्स-रेवर बरगड्या मोजून घेतल्या नाहीत तर शेजारची, चांगली जागा उघडली जाते. त्याच भुलीत शेजारच्या गाद्यांना पात्याने छेद देऊन गाभा कोरून काढावा, याला फेनेस्ट्रेशन म्हणतात. पुढच्या फुटींची शक्यता कमी होते. सर्जनला आधीच विचारा: शेजारच्या गाद्या कोरणार का, आणि कोणत्या?

एका गोष्टीची कल्पना आधीच द्यायला हवी. खोल वेदना गेलेल्या कुत्र्यांपैकी साधारण दहांतल्या एकाचा मज्जारज्जू विरघळू लागतो, फ्रेंच बुलडॉगमध्ये हे प्रमाण आणखी जास्त. ऑपरेशन उत्तम झालं तरी होतं. बहुतेक वेळा पहिल्या आठवड्यातच कळतं: आधी ताठ असलेले पाय ढिले पडतात, गुदद्वार सैल होतं, ताप, अस्वस्थता, पाठीवर चिमटा काढल्यावर त्वचा थरथरते ती रेषा रोज थोडी पुढे, खांद्याकडे सरकते. शेवटी श्वास थांबतो. ती रेषा स्केच पेनने पाठीवर आखून ठेवा, तारीख आणि वेळेसकट. दोनदा तपासल्यावर ती पुढे गेली आणि बाकी खुणाही जुळल्या तर कुत्र्याला शांतपणे जाऊ देण्याचा निर्णय लांबवू नये. मज्जारज्जूवरचं आवरण लांबवर उघडून हा ऱ्हास थोपवता येतो का, यावर अलीकडे आशादायक काम सुरू आहे.

तपासणीनंतर विश्रांती ठरली, तर ती औषधासारखी मोजून द्यायची. पंधरा दिवस पुरत नाहीत, किमान चार आठवडे. गादीच्या फाटलेल्या कड्यावर खपली धरायला वेळ लागतो. दुखणं मात्र वेदनाशामकाने चौथ्या-पाचव्या दिवशीच कमी होतं, आणि इथेच घोडं पेंड खातं: कुत्रा खूश दिसतो, घरचे सोडतात, तो सोफ्यावर झेपावतो, उरलेला गाभा बाहेर. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा आणलेली कुत्री बहुतेक अशीच असतात. पिंजरा एवढाच की त्यात उभं राहता येईल, वळता येईल, पाय ताणून झोपता येईल. डॅशहंडला साधारण ७५ सेंमी लांब आणि ५० सेंमी रुंद पुरतो. 'एका खोलीत कोंडला' म्हणजे विश्रांती नव्हे. लघवीला नेताना हार्नेस, गळ्याचा पट्टा नाही, पोटाखाली ओढणीचा झोळणा, पाच मिनिटं, परत आत. जेवण एक चतुर्थांश कमी करा, नाहीतर महिन्याभरात वजन वाढून सगळं मुसळ केरात.

ऑपरेशन असो वा नसो, उभा न राहणाऱ्या कुत्र्याचं खरं काम लघवीचं. अंथरुण ओलं होतंय म्हणजे लघवी होतेय असं समजू नका. पिशवी तुडुंब भरून वरून सांडते आहे, अशी शक्यता जास्त. पिशवी ताणलेली राहिली तर तिचे स्नायू कायमचे ढिले पडतात आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. दर सहा ते आठ तासांनी रिकामी करा. कुत्रा उभा धरा किंवा कुशीवर ठेवा, मांड्यांच्या पुढे पोटाच्या दोन्ही बाजूंनी सपाट तळवे ठेवा, बोटांची टोकं नव्हे. पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं लागेल. दोन्हीकडून सारखा दाब, शेपटीच्या दिशेने, धार थांबेपर्यंत टिकवून. धक्के देऊ नका. या जागेच्या फुटीत पिशवीचं तोंड आवळलेलं असतं, त्यामुळे पहिले दिवस खूप जोर लागतो. येत नसेल तर जास्त जोर लावण्यापेक्षा डॉक्टरांकडून तोंड सैल करणारं प्राझोसिन आणि गरज पडल्यास कॅथेटर घ्या. प्राझोसिनने रक्तदाब उतरतो, पहिल्या डोसानंतर मलूल वाटला तर कळवा. लघवी गढूळ, लालसर किंवा उग्र वासाची झाली की तपासणीला द्या. शी आपोआप होते, तिची चिंता नको.

खाली पाच-सात सेंमीचा फोम, त्यावर रेक्झिन, वर सुती चादर. दर चार तासांनी कूस बदला. खुबा, घोटा आणि कोपर रोज दाबून बघा, लाल झालेली जागा दुसऱ्या दिवशी जखम होते. पोट आणि मांड्या साध्या पाण्याने धुऊन कोरड्या करा. पावडर थापली तर लघवीत तिचा लगदा होतो. चौथ्या दिवसानंतर, दुखणं आटोक्यात असेल तर, कुशीवर ठेवून प्रत्येक मागचा पाय सायकल चालवल्यासारखा दहा-पंधरा वेळा, दिवसातून तीनदा. मग झोळण्यात धरून, पंजे सरळ टेकवून, एक-दोन मिनिटं उभं करणं. फरशीवर नाही, चटईवर. टाके निघाल्यावर पाण्यात चालवणं उत्तम, पण टबात तरंगवणं म्हणजे चालवणं नव्हे, पाय तळाला टेकायला हवेत.

खोल वेदनेची जाणीव शाबूत असलेली कुत्री ऑपरेशननंतर बहुधा दोन ते चार आठवड्यांत चालायला लागतात. ती जाणीव गेलेल्यांना महिने लागतात. काही जण तर ती न परतताही चालतात. मज्जारज्जूचा खालचा भाग स्वतःच पावलांचा ताल शिकतो, चाल जरा दारुड्यासारखी असते, लघवीवर ताबा मात्र येत नाही. यापुढचं संशोधन अशाच कुत्र्यांवर झालं आहे, प्रयोगासाठी इजा केलेल्यांवर नव्हे, घरच्या आजारी कुत्र्यांवर. केंब्रिजच्या गटाने २०१२मध्ये कुत्र्याच्या स्वतःच्या नाकातल्या पेशी वाढवून ३४ कुत्र्यांच्या चाचणीत मज्जारज्जूत सोडल्या. पुढच्या-मागच्या पायांचा मेळ सुधारला, लघवीचा ताबा सुधारला नाही. २०१८मध्ये जखमेचा व्रण विरघळवणारं काँड्रॉइटिनेझ ६० कुत्र्यांत तपासलं गेलं, तिथेही मेळ थोडा सुधारला. कोणी आज 'स्टेम सेल'चं महागडं इंजेक्शन देऊन कुत्रा उभा करतो म्हणत असेल तर या आकड्यांशी ताडून बघा.

पुन्हा होईल का? एकदा फुटलेल्या डॅशहंडमध्ये शक्यता चांगलीच असते, कारण बाकीच्या गाद्याही तशाच वाळलेल्या असतात. यामागचं जनुक २०१७मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या गटाने शोधलं: एफजीएफ४ या जनुकाची एक जादा प्रत बाराव्या गुणसूत्रावर जाऊन बसलेली. अठराव्या गुणसूत्रावरची अशीच दुसरी प्रत पाय आखूड करते, गाद्या वाळवण्याचा दोष मुख्यतः बाराव्यावरच्या प्रतीचा. पण ती जवळपास प्रत्येक डॅशहंडमध्ये आहे, त्यामुळे या जातीत जनुक चाचणीवरून जोड निवडता येत नाही. डेन्मार्क आणि फिनलंडमध्ये म्हणून वेगळी वाट धरली: दोन ते चार वर्षांच्या वयात पाठीचे एक्स-रे काढून चुना भरलेल्या गाद्या मोजायच्या. एकही नाही, एक-दोन, तीन-चार, पाच किंवा जास्त असे चार वर्ग, आणि वरच्या वर्गातल्यांची पिल्लं घ्यायची नाहीत. वयाची अट अशासाठी की पुढे काही गाद्यांतला चुना विरतो आणि मोजणी खोटी कमी येते. तुमच्याकडचा एक्स-रे अजून असेल तर त्यावर अशा गाद्या मोजून घ्या. पाच किंवा जास्त निघाल्या तर फेनेस्ट्रेशनचा आग्रह धरा, आणि या कुत्र्याची पिल्लं घेऊ नका. ब्रीडरला हे कळवायला विसरू नका, त्याच्याकडे याची आई आणि भावंडं असतील.